विल्फ लमच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज

विल्फ लम दारू पीत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याच्याबद्दल तुमच्या कानावर काही आलंच असेल तर एवढंच आलं असेल, की नट बरा होता पण बाटलीनं खाल्ला. खोटं आहे. सपशेल खोटं. लम मंडळी पिढीजात मेथडिस्ट, म्हणजे दारूला न शिवणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. त्यांच्या घरात नाताळच्या पुडिंगवरसुद्धा कधी ब्रँडी पडली नाही. आम्ही एकाच गल्लीत वाढलो, पुढे त्याच्याच नाटक कंपनीत मी कपडेपट सांभाळला, आणि त्या माणसाच्या हातात चहाच्या कपाशिवाय दुसरा कप मी पाहिला नाही.

आमचं गाव हॅदरक्लफ, उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या डोंगरातलं, लोकरीच्या गिरण्यांचं. विल्फचा बाप छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. आई एडा मागावर होती. माग चालू असताना शेजारणीचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून आमच्या बाया ओठांवरून बोलणं वाचतात. रस्त्याच्या पलीकडून दोघी जणी तिसरीची निंदा करू शकतात, आवाज न काढता. एडाची धाकटी बहीण मॉड त्याच गिरणीत होती. विल्फ शाळेत असताना वरच्या मजल्याला आग लागली आणि मॉड आणि तिच्याबरोबरच्या कितीतरी पोरी आत राहिल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं. चौकशी झाली, आणि कुलपाचा उल्लेख कुठेही आला नाही.

विल्फला लहानपणापासून बोलायचं वेड. रविवारी चॅपलमध्ये तो बायबलमधला उतारा म्हणायला उभा राहिला की म्हातारी माणसं खोकला दाबून धरायची. दुसऱ्या महायुद्धावरून परतल्यावर सरकारनं सैनिकांना शिक्षणासाठी मदत दिली, त्यातून तो लंडनच्या एका नाट्यविद्यालयात गेला. तिथे उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गासमोर त्याला उभं केलं.

"मिस्टर लम, तुमच्या तोंडात अजून लोकर आहे. ती काढा, मग आपण अभिनयाचं बोलू."

वर्ग हसला. ज्या बोलीत त्याला आईनं जोजवलं, ती म्हणजे तोंडात अडकलेला कचरा! त्यानं तोंड उघडं राहावं म्हणून दातांत हाडाची पट्टी धरून महिनोन् महिने स्वर घोटले. शिकला. इतकं उत्तम शिकला की डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, हा कुठल्यातरी लॉर्डाचा मुलगा.

त्यानंतर आम्ही स्कारबरोच्या समुद्रकाठी एका कंपनीत एकत्र आलो. दर आठवड्याला नवं नाटक. संध्याकाळी एकाचा प्रयोग, सकाळी दुसऱ्याची तालीम. विल्फ डॉक्टर व्हायचा, बिशप व्हायचा, घरंदाज नवरा व्हायचा. सुट्टीत तो घरी गेला की एडा म्हणायची, "तू आलास की मला वाटतंय पाद्रीच आलाय भेटाया. चांगला कप काढू का कानतुटका?"

"कानतुटकाच दे, आई," तो आमच्या बोलीत म्हणायचा, आणि ती सुटकेचा श्वास सोडायची.

मग वारं फिरलं. लंडनला एकाएकी शोध लागला की उत्तरेकडे माणसं राहतात. नाटकांत, सिनेमांत कामगार हवे झाले, गिरण्या हव्या झाल्या, स्वयंपाकघरात भांडणारी कुटुंबं हवी झाली. मला वाटलं, आता विल्फचे दिवस. कुठलं काय! तो भेटायला गेला की निर्माते त्याचा फोटो बघायचे, बिशपच्या झग्यातला, आणि म्हणायचे, "आम्हाला खराखुरा माणूस पाहिजे, नट नको." आणि खराखुरा माणूस म्हणून कुणाला घ्यायचे? लंडनजवळच्या सरे परगण्यातल्या बंगल्यात वाढलेल्या, घोड्यावर बसणाऱ्या देखण्या पोरांना. ती पोरं चेहऱ्याला काजळी फासायची आणि आठवडाभरात आमची बोली शिकायची. शिकायची म्हणजे, वाट लावायची.

शेवटी रॉडरिक हल्सी नावाचा दिग्दर्शक आमच्याच गावात सिनेमा करायला आला. गोष्ट गिरणीतल्या आगीची. नायक अर्थातच सरेचा. पण गिरणीच्या फाटकापुढे एक कामगार भाषण करतो, तेवढा प्रसंग विल्फला मिळाला. भाषण आमच्या गावात सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या गोष्टीवरूनच लिहिलेलं.

चित्रीकरण पाहायला गाव लोटलं होतं. विल्फ पिंपावर चढला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा लोकांसमोर स्वतःच्या आवाजात बोलला.

"आगीनं न्हाई मारलं त्यास्नी. दार उघडं असतं तर आगीला पाठ दावून साऱ्या खाली आल्या असत्या. मालकानं भायेरनं कुलूप घातलं. बाया मोरीत जाऊन टाइम काढत्यात म्हणून कुलूप!"

कॅमेरा थांबल्यावरही कुणी हललं नाही. दिवे धरणारा एक जाडजूड गडी नाक पुसत होता. हल्सीनं विल्फला मिठी मारली. मी स्वतः पाहिलं. "मिस्टर लम, हा माझ्या सिनेमाचा प्राण आहे," असं तो म्हणाला.

सिनेमा तयार झाला तेव्हा पहिला खेळ आमच्या गावातच ठेवला. महापौर, गळ्यात पदाची साखळी. पुढच्या रांगेत गिरणीच्या मालकाचा मुलगा, बायकोसकट. गिरणी अजून त्याच घराण्याकडे होती. एडानं नवा कोट शिवून घेतला होता. तिच्या एका बाजूला विल्फ, दुसऱ्या बाजूला मी.

फाटकाचा प्रसंग आला. विल्फचा चेहरा पडदाभर झाला, ओठ हलले, आणि त्यातून दुसऱ्याच माणसाचा आवाज आला. गोड, गुळगुळीत, वर थोडा उत्तरेचा हेल शिंपडलेला, पण कुठल्याच गावचा नसलेला. "दुर्दैवानं दार बंद होतं," तो आवाज सांगत होता. "या भीषण आगीनं आमच्या भगिनींना आमच्यापासून हिरावून नेलं."

एडा वळून विल्फकडे बघायला लागली, मग पुन्हा पडद्याकडे.

"विल्फ, घसा बसला व्हता का रं तुझा?"

तो खुर्चीचे हात धरून बसला होता, नजर पडद्यावर.

मागे कुजबुज सुरू झाली. सभागृहात निम्म्या बाया मागावरच्या होत्या. आवाज काहीही म्हणो, विल्फचे ओठ त्यांना दिसत होते.

"कुलूप म्हणाला त्यो," एक जण मोठ्यानं म्हणाली. "कुलूप म्हणतोय आन् ऐकू भलतंच येतंय!"

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी मागे वळून शू केलं. शू! आपल्याच मेलेल्या बहिणींबद्दल बोलणाऱ्या बायांना!

सिनेमा संपला, टाळ्या झाल्या, हल्सी आणि नायक मंचावर गेले. महापौरांना बिचाऱ्यांना काही कळलं नव्हतं. ते हौसेनं म्हणाले, "आता आपल्या गावचा सुपुत्र विल्फ लम दोन शब्द बोलेल."

विल्फ उठला. मला वाटलं, हा आता हल्सीला फोडणार. त्यानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माइक बाजूला सारला आणि ते भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, पिंपावर म्हटलं होतं तसंच. कुलपाशी आला तेव्हा मालकाचा मुलगा उठून चालायला लागला. आणि मग मागच्या रांगेतून एका बाईनं हाक मारावी तसं नाव घेतलं, "लिली!" दुसरीनं घेतलं. तिसरीनं घेतलं. मेलेल्या पोरींची नावं सगळ्या सभागृहातून यायला लागली. माझ्या शेजारी एडा उभी राहिली आणि "मॉड!" असं इतक्या जोरात ओरडली की माझं काळीज हललं. कुणीतरी घाईघाईनं मंचाचा पडदा पाडला.

दुसऱ्या दिवशी लंडनच्या पेपरात काय छापून आलं? 'समारंभात मद्यधुंद नटाचा गोंधळ.' हल्सीनं वार्ताहरांना अगदी सभ्यपणे सांगितलं होतं, की मिस्टर लम गुणी आहेत, पण त्या संध्याकाळी त्यांनी थोडी जास्त घेतली होती, आपण समजून घेऊ या.

एडानं पेपर वाचला, टोपी घातली, विल्फचा दंड धरला आणि त्याला ओढत हॉटेलात नेलं. मी मागोमाग. हल्सी अंडी आणि हेरिंग मासा खात बसला होता.

"ह्याच्या तोंडाचा वास घे," एडा म्हणाली.

"बाईसाहेब, काहीतरी गैरसमज—"

"म्या तुला काय इचारलं? वास घे. माझ्या घरात तीन पिढ्या दारूचा थेंब न्हाई आला. तू काल ह्याच्या शेजारी हुबा व्हतास. आला वास?"

"आई, चल," विल्फ म्हणाला.

"गप रं. माझी भन जळाली, तिचं कुलूप ह्यानं काढून टाकलं. आन् वर तुला दारुडा म्हणतोय!"

हल्सीनं रुमालानं तोंड पुसलं. आसपासची माणसं बघत होती म्हणून आवाज खाली आणला. "हे पाहा, वकिलांनी सांगितलं, गिरणीच्या मालकाचं घराणं दावा लावेल. शिवाय ती बोली लंडनमध्ये कुणाला कळली नसती. मिस्टर लम, तुम्ही धंद्यातले आहात. तुम्ही तरी समजून घ्या."

"मला समजलंय," विल्फ त्याच्या लॉर्डाच्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला माझं तोंड हवं होतं, मी नको होतो."

नटांच्या युनियननं सांगितलं, करारात आवाज बदलायची मुभा आहे. म्हणजे कायदेशीर! माणसाच्या तोंडातून त्याची जीभ काढून दुसऱ्याची बसवायची, आणि सगळं कायदेशीर.

सिनेमाची दारं त्याला बंद झाली. आमची कंपनी टेलिव्हिजनपुढे टिकली नाही आणि नाटकघराचा बिंगो खेळायचा हॉल झाला. विल्फनं टेलिव्हिजनवर पडेल ते केलं. बटलर, न्यायाधीश, पहिल्याच प्रसंगात मरून पडलेला शेजारी. आणि दारुडे. हो, दारुडे! शिडीवरून पडणारे, पबमधून हाकललेले, बायकोला मारून रडणारे. पोट होतं, एडा अंथरुणाला खिळली होती, त्यानं केले. स्कारबरोला आम्ही राहायचो त्या लॉजच्या दारुड्या मालकाची चाल आठवून तो ते करायचा, आणि लोक घरी बसून एकमेकांना कोपर मारायचे, बघ, अनुभव बोलतोय.

"कसं सहन करतोस?" मी एकदा विचारलं.

"सहन कुठं करतोय? काम करतोय. तू त्या कोटाची बाही बघ, उसवलीय."

एडा गेली. गिरणी बंद पडली. हल्सीला सर ही पदवी मिळाली. त्या सिनेमाला लोक थोर म्हणायला लागले, कॉलेजात दाखवायला लागले.

विल्फ म्हातारा झाल्यावर लीड्सच्या एका नाटकघरानं त्याला मोठी भूमिका दिली. निवृत्त विणकर, सबंध नाटकभर मंचावर. मीही हट्टानं त्याच्या कपड्यांसाठी परत आले. पहिल्या प्रयोगाला लोक उभे राहिले. सकाळी परीक्षण आलं. लिहिणारा तरुण लंडनहून आलेला. त्यानं लिहिलं, की लम यांचा अभिनय हृद्य आहे, मात्र बोली बेतलेली वाटते. ज्यांनी त्या गाजलेल्या सिनेमात फाटकापुढचं त्यांचं अस्सल उत्तरी भाषण ऐकलं आहे, त्यांची निराशा होईल.

विल्फनं ते वाचलं आणि इतका हसला, इतका हसला, की त्याला रंगपटात खाली बसावं लागलं. मला हसू येईना. मी त्या पोराला फोन लावला.

"तो आवाज विल्फचा नव्हताच," मी म्हणाले. "कुणा भलत्याचा चिकटवलेला आहे. खरा तो तुम्ही काल ऐकलात."

"तसं कुठे नोंदलेलं आहे का?"

"मी तिथे होते."

"बाई, तुमच्या भावना समजू शकतो," तो म्हणाला, "पण माझा कान सहसा चुकत नाही."

मी रिसीव्हर आपटला. खुलासा कधीच छापला गेला नाही. अजून त्या पुस्तकांत, त्या कॉलेजांत तो गोड आवाज विल्फ लमचा म्हणूनच वाजवतात, आणि मुलं वहीत लिहून घेतात.

त्या संध्याकाळी विंगेत मी त्याची कॉलर सारखी करत होते.

"हेटे," तो म्हणाला, "बेतलेली वाटतीया म्हणं."

"आग लागो त्याला."

"आज जरा आईसारखा बोलतो. बगू समजतंय का कुनाला."

तो प्रकाशात गेला आणि पहिलं वाक्य असं काही फेकलं, की दुसऱ्या मजल्यावरच्या स्वस्त बाकांवरून एका बाईनं आनंदानं ओरडून त्याला आमच्याच बोलीत जवाब दिला. तो थांबला, वर बघितलं, आणि नाटकात नसलेलं एक वाक्य तिला परत ऐकवलं. कुलपाचं नव्हतं, रागाचंही नव्हतं. "बस की गं खाली," म्हणाला, "रात हाय अजून लय."