सात कांड्यांचा पराभव

आमच्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मी संपादक होतो. त्यातलं सतरावं पान खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला छापायच्या आधी माहीत होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जो संताप करणार आहे त्यातला किती माझ्याच वाट्याला यायला हवा, हे वाचणाऱ्याला ठरवता येईल.

मंडळ डिंडोलीतलं. खानदेशातून सुरतेला मागावर काम करायला आलेल्या माणसांनी ते एका खाणावळीत बसून काढलं. खाणावळ चालवणाऱ्या मावशी अजून आहेत, ऐंशीच्या घरात. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, मंडळाचे पहिले अध्यक्ष होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी इथल्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा लग्न व्हायचं होतं, त्यामुळे चार वर्षं मावशींकडे जेवलो. मंडळाचा इतिहास मला भाकरीबरोबर मिळाला.

सुरुवातीच्या सभासदांपैकी निम्म्यांना सही येत नव्हती. म्हणून मतदान कांड्यांनी व्हायचं. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची लाकडी नळी, जिच्यावर आडवा धागा गुंडाळलेला असतो. प्रत्येकाने आपल्या कारखान्यातून एक रिकामी कांडी आणायची, खाणावळीच्या मागच्या खोलीत लुगड्याच्या पडद्याआड जायचं आणि तेलाच्या दोन डब्यांपैकी एकात ती टाकायची. एका डब्यावर चुन्याची एक रेघ, दुसऱ्यावर दोन. पहिल्या मतदानाला एक चूक झाली. एक डबा भरलेल्या पिंपावर ठेवला होता, दुसरा फरशीवर, आणि दोन्हींचा आवाज वेगळा येत होता. दिवसभर मागांच्या खडखडाटात अर्धे बहिरे झालेल्या लोकांनाही कुणी कुठे टाकली ते बाहेर बसून बरोबर कळत होतं. मावशींनी मतदान थांबवलं, दोन्ही डब्यांच्या तळाशी चिंध्या घातल्या, सगळ्यांच्या कांड्या परत दिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. मी पुढे तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. गुप्त मतदानावरचा इतका चांगला धडा मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

दोन वर्षांनी मावशींचे मालक पडले. मंडळाचं वाचनालय फक्त सकाळीच उघडं ठेवायचं असा त्यांनी हट्ट धरला होता, आणि दिवसपाळीच्या लोकांना त्यामुळे पेपर मिळत नव्हता. डबे चटईवर उलटे केले तर सात कांड्या कमी भरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या अध्यक्षाच्या हातात मंडळाची किल्ली दिली आणि रोजच्या कोपऱ्यात पेपर वाचत बसले. मावशी हे सांगताना दरवेळी एक पुरवणी जोडायच्या: मला मत असतं तर आठ कांड्यांनी पडले असते.

आताचे अध्यक्ष नऊ वर्षं अध्यक्ष आहेत. वडील मागावर, स्वतःची एम्ब्रॉयडरीची मशिनं, सत्तेतल्या पक्षात उठबस, आणि गल्लीच्या तोंडाशी एक फलक, ज्यावर त्यांचा चेहरा गणपतीपेक्षा मोठा आहे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. माझा मुलगा त्यांच्याच एम्ब्रॉयडरीत सुपरवायझर आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो. भाऊ आल्यापासून निवडणूक झालेली नाही. पहिल्या वर्षी कारण असं दिलं की सगळीकडे वॉटरजेट मशिनं आली, धोट्याचे माग भंगारात गेले, आता कांड्या आणायच्या कुठून. सभेने मान डोलावली. लोकशाही कच्च्या मालाअभावी बंद पडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. चिठ्ठीवर नाव लिहिता येतं, हे एवढ्या शिकलेल्या सभेत कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी चहा पीत होतो.

स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मावशींनी मला बोलावून घेतलं. त्यांचं एकच मागणं होतं. मालकांचा फोटो नसला तरी चालेल, पण ते पडले आणि दुसऱ्या दिवशी किल्ली दिली, एवढं छापून येऊ दे. फोटो काय, मेलेल्या कुणाचाही छापतात, असं म्हणाल्या.

मी तसंच लिहिलं. आठ दिवसांनी मजकूर भाऊंच्या ऑफिसातून परत आला. सतराव्या पानावर आता असं होतं की पहिल्या अध्यक्षांनी प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने पद सोडलं आणि मंडळाने सर्वानुमते, आपल्या उज्ज्वल परंपरेला अनुसरून, पुढचं नेतृत्व स्वीकारलं. कांड्या गेल्या होत्या, डबे गेले होते, चिंध्या गेल्या होत्या. पन्नास वर्षांत मंडळात कुणी कुणाला कधी विरोध केला होता, याचा मागमूस उरला नव्हता.

मी ऑफिसात गेलो. भाऊ उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, थंड छास, म्हणजे इथलं ताक, मागवली. मी म्हणालो की त्या माणसाला आयुष्यात साधा तापही आला नव्हता. ते हसले. मग अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "गुरुजी, हरले असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, हरवता येतं. कशाला उगाच लोकांच्या डोक्यात घालायचं?"

इतकं स्वच्छ वाक्य मी त्यांच्या एकाही भाषणात ऐकलेलं नाही. उठताना त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली, आणि तो चांगलं काम करतो असं सांगितलं. मी प्रुफावर 'ठीक' असं लिहून सही केली. इतिहास बिघडवायला मोठी माणसं लागतात असा माझा समज होता. त्याला एक निवृत्त मास्तर आणि एक ग्लास छास पुरते.

मावशींनी नंतर विचारलं, लिहिलंस ना? मी म्हणालो, चांगलंच लिहिलंय.

सोहळा संध्याकाळी होता. प्रमुख पाहुणे दोन तासांनी आले. चार जणांनी उचललेला एकच हार पाहुणे आणि भाऊ या दोघांना मिळून घालण्यात आला. त्यात पाहुणे कुठे संपतात आणि भाऊ कुठे सुरू होतात ते लोकांना कळेना. मग शाल आणि श्रीफळ देण्यासाठी मावशींना स्टेजवर बोलावलं, आणि निवेदकाने सतरावं पान वाचायला घेतलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. प्रकृतीच्या कारणास्तव हे शब्द आले तेव्हा मावशींनी हातातला नारळ टेबलावर ठेवला आणि निवेदकाला माइक मागितला. म्हातारी आभार मानणार असं वाटून त्याने दिला.

"मना मालक आजारी नव्हतात," त्या म्हणाल्या. "त्या पडनात. सात कांड्या कमी पडन्यात. पडनात आनि दुसरा दिन किल्ली दी टाकी." मग भाऊंकडे वळून त्यांनी, जेवायला बसलेल्या गिऱ्हाइकाला भाजी हवी का विचारावं तशा आवाजात, विचारलं की तुझी किल्ली कुठंय रे भाऊ.

मागच्या रांगांत म्हातारे हसले. पाहुण्यांना अहिराणी येत नव्हती. त्यांना वाटलं मावशींनी भाऊंना आशीर्वाद दिला, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. त्याच टाळ्यांत निवेदकाने माइक परत घेतला आणि पुढच्या पाच वर्षांसाठी भाऊच अध्यक्ष राहावेत, संमती असेल त्यांनी हात वर करावा, असं जाहीर केलं. चिंध्यांचा प्रश्नच उरला नाही. कुणाचा हात वर आहे, कुणाचा नाही, हे स्टेजवरून स्वच्छ दिसत होतं, आणि एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. माझा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. त्याचा हात वर होता. मी माझे दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. यात शौर्य काहीच नाही. तेवढंच जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी स्मरणिका घेऊन माझ्या घरी आल्या. मी निदान चार शिव्यांची तयारी ठेवली होती. त्यांनी एकही दिली नाही. चष्मा लावून त्या स्वतः सतराव्या पानापर्यंत पोचल्या, एकेक पान थुंकी लावून उलटत, आणि ओळीवर बोट ठेवलं.

मी लाल पेनाने 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छेने' यावर काट मारली. बाजूच्या समासात लिहिलं: निवडणुकीत सात मतांनी पराभव झाला, दुसऱ्या दिवशी नव्या अध्यक्षांना किल्ली दिली. पेन बंद केलं. त्यांनी बोट तिथेच ठेवलं होतं.

"सही कर," त्या म्हणाल्या. "छापेलवर करी ना? आते हाईवर कर."

मी सही केली. मग त्यांनी पिशवीतून दुसरी प्रत काढली. ती शेजाऱ्यांची होती.