एक मिनिट बारा सेकंद

थोरामावशीने आयुष्यभर लोकांना त्यांची वजनं विचारली. आमच्या पापे बेटावर येतं ते आठ जणांचं विमान, त्यामुळे कोणी पुढे बसायचं नि कोणी मागे, ते वजनावर ठरतं. बायका चार किलो कमी सांगतात हे मावशीला पाठ. ती मुकाट्याने चार मिळवून लिहायची. फारच थापा मारल्या तर म्हणायची, "खरं सांग बाई, विमान तुझ्या लाजेवर उडत नाही."

धावपट्टीवरच्या गाई हाकल, हंस उडव, आग विझवणाऱ्यांचा जाड कोट चढवून आगीच्या बंबापाशी उभी राहा, फोन घे, हे सगळं तीच करायची. समोर वेस्ट्रे बेट. चहा निवायच्या आत विमान तिथे टेकतं. जगातला सगळ्यात छोटा विमानप्रवास म्हणून कुठून कुठून माणसं येतात, बसतात, प्रमाणपत्र घेतात आणि आमच्याकडचं काहीएक न बघता परत जातात. वेडाला औषध नाही.

मावशी मात्र त्यात कधी बसली नव्हती. बंबापाशी तीच नसली तर विमान सुटणार कसं? वेस्ट्रेला जायचं तर ती होडीने जायची.

इथून चाकं उठली की ती फोनवर म्हणणार, "उठलं." तिकडच्या धावपट्टीवरचा एडविन हार्कस चाकं टेकली की म्हणणार, "उतरलं." मधे कोणी फोन ठेवायचा नाही, ही दोन्हीकडची जुनी रीत. मावशी तेवढा वेळ घड्याळावर मोजून वहीत लिहायची, शेजारी वारा लिहायची. वारा सरळ असला तर विमान नाकासमोर जातं, आडवा असला तर वळसा घालतं. कुठल्या वाऱ्याला किती सेकंद, एवढंच तिला कुतूहल. अठ्ठावीस वर्षांत सात वह्या भरल्या. ती निवृत्त झाली की त्या बेटावरच्या छोट्या संग्रहालयात ठेवायच्या ठरल्या होत्या, आणि मावशीला त्याचा अभिमान होता. बाकी कशाचा तिने कधी केला नाही.

मधल्या वेळात ती दोघं बोलत. वेस्ट्रेवाले आम्हाला अंडी टाकून रिकामी झालेली कॉड मासळी म्हणतात, आम्ही त्यांना समुद्रपक्षी म्हणतो.

"काय गं रिकाम्या मासळे, गाय व्याली का?"

"व्याली. कालवड झाली, तुझ्यासारखी आळशी."

"मग नाव माझंच ठेव."

"उतरलं का ते सांग आधी, कलकलाट नंतर कर."

"उतरलं, उतरलं."

"बरं." आणि फोन खाली.

निवृत्तीला दोन आठवडे होते तेव्हा नवा पायलट आला, ॲलिस्टर. मावशी त्याला सहज म्हणाली, "काल दोन मिनिटं लावलीस की रे, सरळ वाऱ्याला."

"दोन? अहो, मी सव्वा मिनिटाच्या आत टेकलो. माझ्याकडे नोंद आहे."

मावशीचा चेहरा उतरला. घरी येऊन तिने घड्याळ रेडिओच्या वेळेशी लावून पाहिलं. घड्याळ बिनचूक. मग सातही वह्या काढून बसली.

मला म्हणाली, "रूबी, घड्याळ खोटं नाही. मग पायलट खोटा, की एडविन?"

"एडविनचे डोळे गेले असतील, मावशी."

"अठ्ठावीस वर्षांपूर्वीही सरळ वाऱ्याला दोन मिनिटंच आहेत. तेव्हापासून आंधळा आहे का मेला? संग्रहालयात मी खोटं ठेवणार नाही. जाळून टाकीन."

ती जाळेल, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, मग एकदा स्वतःच बसून बघ ना. बंबावर माझा नवरा राहील, फोनवर मी राहीन. ती दोन दिवस नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी चांगला कोट घालून आली.

"वजन?" मी विचारलं.

"अडुसष्ट."

मी बहात्तर लिहिलं. तिने पाहिलं आणि विमानाकडे चालू लागली.

वारा सरळ होता. विमान धावू लागलं तशी मी फोन लावला.

"थोरा कुठंय?" एडविनने पहिलंच विचारलं.

"विमानात. उठलं!"

पलीकडे शब्द नाही. मी म्हटलं, "हॅलो?" फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मी हवापाण्याचं काहीतरी बोलले, त्याने हूं केलं नाही. मला वाटलं, माणसाला भोवळबिवळ आली की काय.

"उतरलं," तो एकदम म्हणाला, आणि फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग दार वाजलं.

मी घड्याळ पाहिलं. एक मिनिट बारा सेकंद. ॲलिस्टरला नंतर विचारलं, त्याचेही तेवढेच.

मावशी संध्याकाळच्या होडीने आली. मी धक्क्यावरच गाठलं. "भांडलीस?"

"भांडले ना. वाट्टेल तसं बोलले. तर म्हणतो, तुला 'उतरलं' म्हटलं की तू 'बरं' म्हणून फोन आपटतेस. माझं बोलणं अर्धंच राहायचं. म्हणून थोडं उशिरा सांगायचो."

"अठ्ठावीस वर्षं?"

"अठ्ठावीस वर्षं. गाढव." तिने नाक पुसलं. वारा आहे म्हणाली, पण वारा कधीच पडला होता. "आणि रूबी, मी सरळ वारा असला की खूश व्हायचे गं. आज विमान लवकर पोचणार म्हणून."

वह्या जाळल्या नाहीत. सातही संग्रहालयात आहेत, जाऊन बघा. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तिने शाईने लिहिलंय: 'या वेळा विमानाच्या नाहीत. एडविन हार्कसला माझ्याशी बोलायला जेवढा वेळ हवा होता, तेवढ्या आहेत. वारा मात्र खरा आहे.'