पानात टाकायचं नाही

आईला मधुमेह आहे आणि पानात काही टाकायचं नाही, हा तिचा धर्म आहे. दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये या दोन्ही गोष्टी गुण्यागोविंदानं नांदायच्या, कारण वाढणारी मी होते. आम्ही दोघी बँकॉकला फिरायला गेलो, तिथं वाढणारं दुसरंच कुणी निघालं.

दिल्लीत माझ्याबरोबर शिकलेल्या थाई मैत्रिणीकडे आम्ही जेवायला गेलो होतो. तिच्या आईनं खोबऱ्याच्या दुधातला चिकट गोड भात आणि आंब्याच्या फोडी आणल्या. "अच्छा, हा तर आपल्या नारळीभाताचा चुलतभाऊ," असं म्हणत आईनं बशी लख्ख केली. त्या बाईंनी ती लगेच भरली. आईनं तीही संपवली. मग फणसासारख्या दिसणाऱ्या ड्युरियनचे गोड गरे आले.

मला घाम फुटला. "आई, बस कर ना. शुगर वाढेल."

"अन्न टाकू? बिल्कुल नाही. आणि परक्या घरात आजारपण सांगायचं नाही हं."

तेवढ्यात मैत्रीण कौतुकानं म्हणाली, "आंटींना अजून भूक दिसतेय. आमच्याकडे पोट भरलं की बशीत थोडं ठेवतात."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. आई संपवते म्हणून त्या वाढत होत्या आणि त्या वाढतात म्हणून आई संपवत होती. दोघींच्या सभ्यपणात माझ्या आईचा जीव जायची वेळ आली होती. मी सगळ्यांदेखत तिच्यापुढची बशी ओढून घेतली.

टॅक्सीत ती घटाघटा पाणी प्यायली आणि मान मागे टाकून पडली. हाका मारल्या, ओ नाही. परका देश, दवाखाना कुठे ते ठाऊक नाही, देवाचं नावही सुचेना. मी नुसता तिचा हात हलवत राहिले. बऱ्याच वेळानं डोळे न उघडताच ती म्हणाली, "बशी ओढलीस. काय वाटलं असेल त्यांना?" मला रडूच फुटलं.

दिल्लीत डॉक्टरांनी तिची खरडपट्टी काढली. मीही रोज मागे लागले, पोट भरलं की टाकत जा पानात. ऐकेल तर शपथ.

गेल्या आठवड्यात मी तिच्या आवडीचा वरणभात वाढला. तिनं अर्धा तसाच ठेवला. "नको वाटतंय गं," म्हणाली.

ते ताट तसंच ठेवून मी आधी डॉक्टरांना फोन लावला.