खांद्यावरची चार बोटं

सुकलालचं एकच वाईट, हसतो फार. केळीचा घड निसटून पायावर पडला तरी हसेल, ट्रक उशिरा आला तरी हसेल, मी त्याच्यावर ओरडले तर आणखी जोरात हसेल.

सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, पावरा आदिवासी. पोरगेला होता तेव्हा बापाबरोबर यावलकडे उतरला आणि फैजपूरजवळच्या आमच्या मळ्यात घड वाहायला लागला. पुढे त्याची घड कापणारी स्वतःची टोळी झाली, पण हंगामातला पहिला बाग आमचाच कापायचा. फाटकातूनच ओरडायचा, "अक्का, चहा टाका!" जेवायला मात्र ओट्यावर बसायचा. आमचे हे त्याला हात धरून आत ओढायचे, तेव्हा कुठे आत. मग मी बडबडायची, की सतरंजीला चीक लागेल. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, मरेस्तोवर घासा, जात नाही. सुकलालचा डाग नसलेला एक शर्ट दाखवा मला.

हे गेले त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सुनेनं, मयुरीनं, बागेत दोघांचा फोटो काढला. ह्यांचा हात सुकलालच्या खांद्यावर, सुकलालच्या हातात कोयता. हे काहीतरी चावट बोलले असणार, कारण दोघंही तोंड फाडून हसतायत. ह्यांचा हसरा फोटो तेवढा एकच. म्हणून हे गेल्यावर फैजपूरच्या स्टुडिओवाल्यानं त्यातूनच ह्यांचा अर्धा भाग कापून मोठा केला आणि फ्रेम करून दिला. त्यात ह्यांचा हात मनगटापाशी कडेला संपतो. तो म्हणाला, "काकू, हा हात कॉम्प्युटरवर पुसून टाकू? तुटल्यासारखा दिसतो." मी म्हटलं, "खबरदार!" हार घातलेल्या त्या फोटोकडे बघून भेटायला येणारे विचारायचे, हेमराजभाऊंनी हात कुठे टाकलाय? मी सांगायची, आहे एक जण.

यंदा एके दिवशी सकाळी गावात बोंब उठली. वनाभाऊंचा बाग रात्रीतून कोणीतरी कापून टाकला. घड चोरले असते तर एक वेळ समजलं असतं, पण खोडंच कापली होती. निसवलेली, घड लटकलेली झाडं होती हो! आमच्याकडे काही नालायक माणसावरचा राग केळीवर काढतात. मी जाऊन बघून आले. ओळीच्या ओळी आडव्या, खोडांतून पाणी गळतंय, आणि वनाभाऊ बांधावर बसून लहान मुलासारखे रडत होते. ह्यांचे वर्गातले मित्र ते. मलाही रडू आवरलं नाही.

घरी येते तर मयुरी दारातच मोबाइल घेऊन उभी. चेहरा पांढरा पडलेला.

"आई, हे बघा. गावाच्या ग्रुपवर आलंय."

दोन फोटो होते, शेजारी शेजारी. डावीकडे वनाभाऊंचा आडवा झालेला बाग. उजवीकडे सुकलाल, हातात कोयता, शर्टावर काळे डाग, तोंड फाडून हसतोय. खाली एक अक्षर नाही. इतकी वर्षं बघितलेलं हसणं, पण त्या बागेशेजारी ठेवल्यावर ते कसं दिसत होतं म्हणून सांगू! केळी कापून वर दात काढतोय मेला, असंच वाटलं मला.

"बाबांच्या पुण्यतिथीला मी पूर्ण फोटो स्टेटसला ठेवला होता," मयुरी म्हणाली. "त्यातला अर्धा हितेंद्रनं घेतलाय."

हितेंद्र म्हणजे वनाभाऊंचा मुलगा. आठवड्यापूर्वी बाजारात त्यानं सुकलालला आईवरून शिवी दिली होती, आणि सुकलाल टोळी घेऊन त्यांच्या बागेतले घड न उतरवता निघून आला होता; त्याचाच राग त्यानं झाडांवर काढला, असा हितेंद्रचा हिशेब. फोटोखाली पोरांनी काय काय लिहिलं होतं! धरा त्याले. हात तोडा. कुठी हाये तो? आणि शेवटी एका शहाण्यानं उत्तर दिलं होतं, कुंदाकाकूंच्या मळ्यात, म्हणजे माझ्याच.

आमचं घर मळ्यातच, आणि सुकलाल खरंच तिथं होता. टोळी ट्रकबरोबर गेलेली, हा एकटाच मागे राहून चहा पीत होता. मी त्याचा दंड धरला आणि अंगणातल्या, ठिबकच्या नळ्या ठेवतो त्या खोलीत ढकललं.

"अक्का, मी काय केलं? मी जाऊन सांगतो ना त्याले."

"गप बस! तुझं ऐकून घ्यायले नाही येत ते."

बाहेरून कुलूप घातलं. मयुरीनं पोलिसांना फोन लावला. निघालो म्हणाले. मुलगा जळगावला पाइपच्या कंपनीत, तो येणार कधी? तेवढ्यात मोटरसायकलींचा आवाज आला. अंगणात पोरं मावेनात. काठ्या घेतलेली, ओळखीची पोरं, ज्यांच्या बारशाला मी घुगऱ्या खाल्ल्या ती पोरं. मागून वनाभाऊ आले आणि ओट्याच्या कोपऱ्यावर बसले. कोणाकडे बघेनात.

"काकू, त्याले बाहेर काढा," हितेंद्र म्हणाला.

"कशाले?"

"विचारायचं हाये."

"विचारायले काठ्या लागतात का रे? आणि तो फोटो का टाकला?"

"काय खोटं टाकलं मी? बागेचा फोटो खरा. त्याचा फोटोही खरा. मी काही लिहिलं का त्याच्याखाली?"

"लिहिलं असतं तर बरं झालं असतं, मेल्या. तुले खोटारडा तरी म्हणता आलं असतं!"

मागे कोणीतरी खोलीच्या दारावर लाथ घातली. दार जुनं, कडी हलली. आतून सुकलाल ओरडला, "अक्का, उघडा, मी येतो बाहेर, तुम्ही मधी नका पडू." त्याचा आवाज ऐकल्यावर पोरं दाराकडेच सरकली. दुसरी लाथ बसली. मला राग असा आला होता की विचारू नका. मी हितेंद्रच्या हातातला मोबाइल ओढला. फोटो उघडाच होता. सुकलालच्या खांद्यावर, अगदी कडेला, चार बोटं होती.

"थांबा!" मी एवढ्यानं ओरडले की दारावरची पोरं वळली. "हितेंद्र, ही बोटं कोणाची?"

"कसली बोटं?"

मी धावत घरात गेले, भिंतीवरून ह्यांचा फोटो हारासकट काढला आणि ओट्यावर आणून उभा केला. शेजारी मोबाइल धरला. इकडे मनगटापर्यंत हात, तिकडे खांद्यावर चार बोटं, एका बोटात पोवळ्याची अंगठी. इकडे हे हसतायत, तिकडे तो हसतोय.

वनाभाऊ उठले. डोळे पुसून मोबाइल जवळ घेतला, मग फ्रेमकडे बघितलं, मग पुन्हा मोबाइलकडे.

"ही तर हेमराजची अंगठी," ते म्हणाले.

"हो ना भाऊ? मग विचारा तुमच्या लेकाले. मेलेला माणूस काल रात्री तुमच्या बागेत सुकलालच्या खांद्यावर हात टाकून उभा होता का?"

हितेंद्र तरी पुटपुटलाच, "फोटो जुना असंल. पण त्यानं कापली नाही कशावरून?"

"मले नाही माहीत कोणी कापली," वनाभाऊ म्हणाले. "पण तुलेही नाही माहीत. काठ्या टाका खाली."

पोलीस आले तेव्हा अंगणात नुसत्या काठ्या पडल्या होत्या. पंचनामा झाला. बाग कोणी कापला ते आजवर कळलं नाही. हितेंद्रनं फोटो काढून टाकला, पण तोवर तो रावेर-सावद्यापर्यंत फिरून आला होता. तिकडच्या एका मळ्यातून सुकलालला बांधावरूनच परत पाठवलं. हे ऐकून माझं डोकं फिरलं.

मी फैजपूरला गेले आणि पूर्ण फोटो मोठा करून आणला, दोघांचा. आता भिंतीवर तोच आहे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो, म्हणून हार काढला. भावकीतल्या बायका नावं ठेवतात, ठेवू देत. मला तर हार नसल्यामुळे हे बाहेर बागेत गेल्यासारखे वाटतात.

पुढच्या वेळी बाग कापायला आला तेव्हा मी सुकलालला हात धरून आत ओढलं आणि फोटोसमोर उभं केलं. खूप वेळ बघत राहिला.

"दादा हसून राह्यले," म्हणाला.

"तूही तर हसतोस की."

"तवा हसत होतो, अक्का."

मयुरी म्हणाली, चला, तुमचा दोघांचा फोटो काढते. सुकलालनं आधी कोयता दाराआड ठेवला. शर्टाचे डाग हातानं झाकले आणि तोंड मिटून उभा राहिला. मग मी पुढे झाले आणि माझा हात त्याच्या खांद्यावर ठेवला, बोटं मधोमध, त्याच्या गळ्यापाशी. म्हटलं, आता काप म्हणावं हा फोटो, ज्याला कापायचा त्याला.