गॅलरीतला तवा

काल दुपारी वीज कडाडली, तशी समोरच्या इमारतीतल्या बाईंनी लोखंडी तवा आणून गॅलरीत ठेवला आणि दार लावून घेतलं. मी बघतच राहिले. गावी आभाळ गडगडू लागलं की आई असाच कोयता अंगणात टाकायची. वीज पडलीच तर लोखंडावर पडेल, घर वाचेल. मग माझे कान दाबून बसायची आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटून घ्यायची. दुसऱ्या दिवशी मात्र तोच कोयता घेऊन वारुळाकडे निघायची. “गडगडल्याशिवाय अळंबी उगवत नाहीत गो,” म्हणायची. ज्या विजेला भ्यायचं, तिचीच वाटही बघायची.

पाऊस थांबला, तरी मी गॅलरीतच उभी राहिले. बाई तवा उचलायला आल्या की त्यांना विचारायचं होतं, तुमच्या गावाकडे अळंबी कुठे उगवायची?