बायकांच्या कुंडाबाहेर

मी फारसा भाविक माणूस नाही, हे आधीच कबूल करतो. कधीकाळी होतो. आमची कुलदेवी औंधची यमाई. लग्न झाल्यावर पत्नीला घेऊन मी तिच्या डोंगराच्या पायऱ्या चढलो होतो, आणि पत्नी आजारी पडली तेव्हा एकटाच, अनवाणी चढलो होतो. ती गेली. त्यानंतर सहा वर्षं मी औंधला पाऊल टाकलं नाही. देवीवर राग होता असं म्हणवत नाही. आमचं बोलणं थांबलं होतं, एवढंच. घरातला देव्हारा आईच सांभाळायची. लोणंदला माझं सुतारकामाचं दुकान आहे. नीट माप घेतलं की काम चुकत नाही, आणि ज्याचं माप घेता येत नाही त्यात डोकं घालायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं.

दीड वर्षापूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. वय अठ्ठ्याहत्तर. वाचा गेली नाही, पण डावा हात आणि डावा पाय गेल्यासारखेच झाले. घरात आम्ही दोघंच. स्वयंपाक, औषधं, उठवणं, बसवणं सगळं मी शिकलो. आंघोळ मात्र अडायची. आई मला हात लावू द्यायची नाही. मी ओल्या फडक्यानं तिचे हातपाय पुसायचो, आणि पंधरा दिवसांतून एकदा धाकटी बहीण कुसुम साताऱ्याहून यायची तेव्हा डोक्यावरून पाणी पडायचं. शेजारीपाजारी विचारून जायचे, काही लागलं तर सांगा म्हणायचे. मी म्हणायचो, सगळं व्यवस्थित आहे. आपल्या आईचं आपण करतो, याचा मला थोडा अभिमानही होता, हे आज कळतं.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी एकदा म्हणाली की गरम पाण्यात आखडलेले स्नायू सैल होतात. आईनं ते मनात धरलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कोकणात जिमिनीतनं ऊन पानी येतं म्हणं. मला एकदा त्यात बसीवशील का रं?" दीड वर्षात तिनं काही मागितलेलं नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रक्तदाब ठीक आहे, न्या. पाणी फार कडक नको, छातीच्या खाली ठेवा, दहा मिनिटांच्या वर नको.

मग मी मुक्कामाची जागा शोधायला लागलो. संगमेश्वरच्या बाजूला एका गावात गरम पाण्याची कुंडं आहेत आणि आसपास राहायच्या जागा आहेत. वहीत प्रश्न लिहून एकेकाला फोन लावले. खोली तळमजल्यावर आहे का? दाराला उंबरठा किती? दार किती रुंद, व्हीलचेअर जाईल का? कमोड आहे का, शेजारी धरायला दांडी आहे का? जो तो म्हणे, "सगळी सोय आहे, या तुम्ही." सगळी म्हणजे कोणती, ते कुणी सांगेना. एका ठिकाणी खोली वरच्या मजल्यावर निघाली आणि मालक म्हणाला, आमची पोरं उचलून नेतील की. आईला पोत्यासारखं उचललेलं मला बघवलं नसतं. मी फोन ठेवला.

आठव्या की नवव्या ठिकाणी एका वयस्कर गृहस्थांनी फोन घेतला. माझे सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाले, "दाराला दोन पायऱ्या आहेत. मी फळी टाकून उतार करीन. दांडी नाही, ती बसवून घेईन. पण तुमच्या आईचा कुठला हात चालतो, उजवा की डावा? त्या बाजूला बसवायला हवी ना." मी सुतार, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्याच फोनवर मी खोली ठरवली.

आईला कुंडात न्यायला कुसुम बरोबर येणार होती. बायकांचं कुंड वेगळं, उंच भिंतीच्या आत. तिथं मला प्रवेश नाही. निघायच्या दिवशी पहाटे कुसुमचा फोन आला. तिला सणकून ताप भरला होता. मी आईला सांगितलं, बेत रद्द. आई केव्हाच एका हातानं कसंबसं इरकली लुगडं गुंडाळून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आदल्या संध्याकाळपासून मी बॅगा भरत होतो, झोप झाली नव्हती. आई म्हणाली, "जाऊया रं. तितं काय बायामानसं नसत्यात व्हय?"

"तिथं कोण बसलंय तुझ्यासाठी?" मी ओरडलो. "तुझी यमाई येणार आहे का तुला आंघोळ घालायला?"

आईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली नाही. आजारी आईवर ओरडल्यावर माणसाला जे वाटतं ते मला वाटलं, आणि त्या शरमेपायीच मी गाडी काढली. उंब्रजला वळून, पाटण, कोयना करत कुंभार्लीचा घाट उतरलो. आई वाटेत दोनदा हसली. एकदा माकडांना बघून आणि एकदा मी रस्ता चुकलो तेव्हा.

ते गृहस्थ, नाना म्हणत त्यांना, शब्दाला जागले होते. दाराला फळ्यांचा पक्का उतार, कमोडच्या उजव्या हाताला लोखंडी दांडी. आईनं ती धरून पाहिली आणि माझ्याकडे मान हलवली. पण नानांची पत्नी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि शेजारच्या बायका भाताच्या झोडणीला. नाना म्हणाले, "सकाळी कुंडावर बायका येतात. कुणीतरी मदत करील." मी हो म्हणालो, पण मनातून धास्तावलो होतो.

सकाळी आठला व्हीलचेअर ढकलत आम्ही कुंडापाशी गेलो. हवेत थंडी होती आणि भिंतीवरून वाफ दिसत होती. बायकांच्या बाजूला कुणीच नव्हतं. आत चार पायऱ्या उतरायच्या आहेत, हे नानांनी सांगितलं होतं. पाऊण तास थांबलो. दोन तरुण मुली आल्या. मी विचारल्यावर एकमेकींकडे बघून म्हणाल्या, काका, आम्हाला जमणार नाही, पडल्या तर? त्यांचं खरंच होतं. आई मांडीवर टॉवेल घेऊन शांत बसली होती. मला मात्र रडू यायला लागलं. खोली, दार, उंबरठा, दांडी, सगळं जमवून आणलं होतं, आणि शेवटच्या दहा पावलांवर मी काही करू शकत नव्हतो. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, आता तूच बघ बाई, माझं संपलं. प्रार्थना वगैरे नव्हती ती. थकलेल्या माणसानं हातातलं ओझं खाली ठेवावं, तसं होतं.

मी खुर्ची वळवली तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली. चार-पाच बायका उतरल्या. त्यांतली पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आमच्याकडे बघून थांबली. "भाऊ, परत का निघालाय? पानी लय कडक हाय का?"

मी अडचण सांगितली. तिनं माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. आईसमोर वाकून विचारलं, "आवं आज्जी, डावी बाजू गेली व्हय? उजव्या हातात जोर हाय का? दाबा बघू माझा हात." आईनं दाबला. "हाय की चांगला!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी मिरजंला दवाखान्यात आया हुते. बावीस वर्सं हेच केलं. तुमी हितंच बसा."

तिनं एक टॉवेल मागितला, आईच्या कमरेला पट्ट्यासारखा बांधला, बरोबर आलेल्या आपल्या सुनेला मागून धरायला सांगितलं आणि आईला उभं केलं. इतक्या अलगद, की आईनं तोंडातून आवाजही काढला नाही. दीड वर्ष मी तिला बगलेत धरून ओढत होतो. "डॉक्टरांनी दहा मिनिटं सांगितलीयत," मी मागून म्हणालो. "व्हय, ठावं हाय. छातीपतोर न्हाई जाऊ देत," असं म्हणत त्या आत गेल्या.

मी भिंतीला टेकून बसलो. आधी पाण्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "आगं आई गं," आणि मी उठून उभा राहिलो. पण पाठोपाठ ती हसली. झटक्याच्या आधी हसायची तसं, खणखणीत. मग त्या बायकांशी तिचं बोलणं सुरू झालं: कुठल्या तुम्ही, लेकरं किती, ऊस हाय का. मध्येच म्हणाली, "डोसकं जरा जोरात चोळ, पोरी." मी पुन्हा खाली बसलो. हात आपोआप जोडले गेले होते. कुणाला सांगत होतो ते मला ठरवता आलं नाही, आणि ठरवावंसंही वाटलं नाही.

आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. केस धुऊन, विंचरून वेणी घातलेली. त्या बाईचं नाव रेहाना. गाव कवठे महांकाळजवळ. इथं जवळच नात्यातलं लग्न होतं. आदल्या संध्याकाळीच परतायचं होतं, पण त्यांच्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. मेकॅनिक सकाळी दुरुस्त करतो म्हणाला, तेव्हा बायका म्हणाल्या, तोवर ऊन पाण्यात पाय बुडवून येऊ.

मी आभार मानायला लागलो तशी ती म्हणाली, "आभार नगं, भाऊ. माझी आई गावाकडं वारली तवा मी दवाखान्यात दुसऱ्याच कुनाला तरी पुसत हुते. तिला शेवटची आंघोळ घालायची, ते बी माझ्या हातनं झालं न्हाई. पोचस्तवर उशीर झाला." तिनं आईच्या वेणीवरून हात फिरवला. "आज आज्जीच्या डोसक्यावर पानी घातलं आन् लय बरं वाटलं बघा." आईनं चालता हात वर करून तिच्या गालाला लावला. जाता जाता तिनं मला कमरेला टॉवेल बांधून उठवण्याची रीत दोनदा करून दाखवली.

खोलीवर आल्यावर मला वाटत होतं, आई आता देवीचं काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "त्या बायांनी न्ह्यारी केली हुती का रं? इचारायचं ऱ्हायलं." मग ती झोपली, दुपारपर्यंत.

यात चमत्कार होता असा माझा दावा नाही. आईचा हात हलायला लागला नाही, पाय तसाच आहे. जीपचे पाटे तुटतात, लोक कुंडावर येतात. पण त्या सकाळी मी भिंतीबाहेर हतबल होऊन बसलो नसतो, तर मला मदत मागताच येत नाही, हे मला कधी कळलं नसतं. मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे प्रयत्न सोडणं. माझे प्रयत्न पुरे झाले होते. सोडायचा राहिला होता तो माझा ताठा.

लोणंदला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी शेजारच्या सुशीलाकाकूंचं दार वाजवलं. अडखळत विचारलं, आठवड्यातून दोनदा आईला आंघोळ घालाल का, उठवायची रीत मी दाखवतो. काकू ओल्या हातानं दारात आल्या होत्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "दीड वर्स झालं, वाट बघतीया मी. तुमी कवा इचारताय म्हनून."