मेहुण्याच्या जटा आणि मोहाचं पोतं

माझ्या मेहुण्याच्या जटांना मुंग्या लागल्या त्या माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मूल या गावापासून कुरखेड्यापर्यंतच्या प्रवासात कुठे मी शहाण्यासारखा वागताना दिसलो, तर वाचकांची फसगत व्हायला नको.

माझी बायको सुमन मूलची. तिचा धाकटा भाऊ सुधाकर तिथल्याच एका राइस मिलमध्ये कारकून आहे. धान कापून झालं की तो झाडीपट्टीतल्या नाटकांत काम करतो. गेल्या हंगामात त्याला दरोडेखोराची भूमिका मिळाली. शेवटच्या अंकात त्याची थोरली बहीण त्याला जटा धरून लोकांपुढे फरफटत आणते. मूलजवळच्या गावात प्रयोग होता. बहिणीनं जटा धरल्या, ओढल्या, आणि जटांचा टोप तिच्या हातात आला. मागे सुधाकर उभा, तेल लावून पाडलेल्या चकचकीत भांगासह. लोक इतके हसले की पुढचं नाटक झालंच नाही. तेव्हापासून मिलमधले हमालसुद्धा त्याला ‘टोप्या’ म्हणू लागले.

यंदा तेच नाटक, तीच भूमिका, पहिला प्रयोग कुरखेड्याला. सुधाकरनं पोळ्यापासून डोक्याला कंगवा लावला नव्हता.

“माझ्या शाळेला नाताळची सुटी आहे,” असं मी नागपूरला घरात बोलून गेलो, आणि सुमननं माझी पिशवी भरली. “त्याच्यासोबत जा. त्याच्या डोक्याकडे लक्ष ठेवा.” पिशवीत तिनं खोबरेल तेलाची बाटलीही घातली होती.

मूलच्या स्टँडवर सुधाकर भेटला. जटा म्हणजे वडाच्या पारंब्या, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात त्या करंगळीएवढ्या होत्या. काही घट्ट, काही पिंजारलेल्या, मुळाशी केस अजून मोकळेच. कुणीतरी सुतळ्या वळायला घेऊन अर्ध्यात उठून गेल्यासारखं ते डोकं दिसत होतं. वरून त्यानं सुती फडकं बांधलं.

“हे कशाला?”

“धूळ बसते, भाऊजी. मिलमधला कोंडा तं असा घुसते का निघतच नाई.”

बस गडचिरोलीकडे निघाली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या (शेतातले वाफे), मधे मोहाची झाडं, मग वैनगंगेचं लांबलचक वाळूचं पात्र. मी त्याच्या डोक्याजवळ जरा नाक नेऊन पाहिलं. वास नव्हता.

“धुतोस का रे?”

“म्हंजे काय! लोकाइले वाटते जटा म्हंजे घाण. हर इतवारी रिठ्याच्या पाण्यानं धुतो. साबणाचा फेस आत राह्यते, रिठा निघून जाते. मंग पिळायचं नाई, दाबायचं. उन्हात पुरी वाळू द्यायची. वली बांधली का कुबट वास मारते.”

“आणि तेल?”

“तेल नाई! नव्या जटेले तेल लागलं का केस घसरते आन् जट सुटते.”

गडचिरोलीला एक म्हातारी चढली. सुधाकरचं फडकं सरकलेलं. तिनं हात जोडले. “कोण्या देवीची जट हाये, बापू?”

सुधाकर गोंधळला. त्यांच्या घरात सगळे बौद्ध. देवीची जट आली म्हणून आपल्या डोक्यापुढे कुणी वाकणं त्याला सोसणारं नव्हतं. “देवीची नाई, बाई. नाटकातली हाये.”

म्हातारीनं हात खाली घेतले. “मंग काऊन वाढवून राह्यला रे? तुले पोरगी कोण देईन?” आरमोरी येईपर्यंत ती त्याच्यासाठी मुली सुचवत होती.

आरमोरीला सुधाकरच्या ओळखीच्या घरी उतरलो. सकाळी तर्री घातलेले पोहे खाऊन तो अंगणात बाजेवर उन्हात झोपला. त्या दिवशी रविवारच होता, पण डोकं कुरखेड्याला धुऊ म्हणाला. जटांच्या मधली कातडी कोरडी, पांढरी पडलेली. झोपेतच तो खाजवत होता. मला फार वाईट वाटलं. सुमनची बाटली पिशवीत होती. त्यानं तेल नको म्हटलेलं मला पक्कं आठवत होतं. पण आमच्या घरात ‘नको’ म्हटलं तरी निम्मी वाटी वाढतात, त्या सवयीनं मी हात सैल सोडला. तळवे भरून तेल जिरवलं. हात पुसायला दुसरं काही दिसेना म्हणून त्याचंच फडकं घेतलं, आणि मग ते तेलकट फडकं पिशवीच्या तळाशी लपवलं.

बस आलीच नाही. शेवटी कुरखेड्याकडे जाणाऱ्या एका ट्रकवर जागा मिळाली. वर वाळलेल्या मोहफुलांची पोती रचलेली, गोड आंबूस वासाची.

“फडकं कुठी गेलं?” सुधाकरनं विचारलं.

“आत आहे, धुवायला काढलं,” मी म्हणालो. “पोतं मऊ आहे, टेक की डोकं.”

“डोक्शाले थंड लागून राह्यलं.”

“हवा आहे.”

तो टेकला आणि झोपला. रस्ता जंगलात शिरला. साग, बांबू, मधूनच एखादं गाव, कौलांवर भोपळ्याचे वेल. देखावा सुंदर होता, पण मला पोत्याच्या उसवलेल्या शिवणीतून निघून तेलकट जटांना चिकटणारा मोहाचा चुराच दिसत होता. उठवावं तर तेलाचं सांगावं लागेल. मी जंगल पाहत राहिलो.

कुरखेड्याला नाटकाची मंडळी एका घरी उतरली होती. बहिणीचं काम करणाऱ्या रंजनाबाई पुढे आल्या. “पाहू दे, यंदा हातात काय येते तं,” म्हणत त्यांनी कपाळावरच्या जटा धरल्या आणि किंचाळून सोडल्या. “बापा! हे तं चालून राह्यलं!”

मुंग्या होत्या. जटेतून जटेत, रांगेनं.

सुधाकरनं बोट फिरवून वास घेतला. “तेल?”

“मी लावलं,” मी म्हणालो. “झोपला होतास तेव्हा.”

त्यानं ते बोट माझ्या बाहीला पुसलं. ते मला मुंग्यांपेक्षा जास्त चावलं.

सांदवाडीत (घरामागच्या आवारात) गंजात (पातेल्यात) रिठे उकळले. सुधाकर पाटावर वाकून बसला, मी कोमट पाणी ओतू लागलो. चोळायचं नाही, चोळलं की जट फुटते. रिठ्याचं पाणी मुळाशी सोडायचं, बोटांच्या पेरांनी कातडी साफ करायची, आणि जट मुठीत धरून नुसती दाबत यायची. पहिल्या पाण्याबरोबर मुंग्या आणि मोहाचा चुरा वाहून आला. तेलासाठी पुन्हा एकदा सगळं करावं लागलं. मग निवळ पाणी, फेस दिसेनासा होईपर्यंत. सुती पंच्यात एकेक जट दाबून घेतली. शेजारच्या दोन जटा मुळाशी एकमेकींत गुंतू नयेत म्हणून त्या बोटांनी वेगळ्या केल्या.

“किती सुटल्या?” रंजनाबाईंनी विचारलं.

“समोरच्या तीन,” सुधाकर म्हणाला. “तुमी धरता त्याच.” मग माझ्याकडे पाहिलं. “उद्या टोप नाई पडनार, भाऊजी. पण हात घसरला, तं लोक तेवढंच हसतीन.”

“मंग मी मागून धरीन,” रंजनाबाई म्हणाल्या. “तू वळून घे.”

“माही पाठ होईन लोकाइकडे.”

“होऊ दे. तोंड पाहून तुले कोणी काम दिलं का?”

सगळे हसले. सुधाकरही हसला. मी मात्र रिकामा गंज घासायला घेतला. गेल्या वर्षी टोप निघाला तेव्हा पाहुणा म्हणून मी पहिल्या रांगेत होतो. क्षणभर सगळा मांडव स्तब्ध झाला होता. लोकांना हसावं की नाही कळेना. त्या शांततेत पहिला हसलो तो मी. माझ्या मागोमाग मांडव हसला. हे मी सुमनलाही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री नाटक सुरू झालं आणि शेवटचा अंक आला तेव्हा उजाडत होतं. लोक तणशीवर (धानाच्या पेंढ्यावर) घोंगड्या घेऊन बसलेले. सुधाकर वळला. रंजनाबाईंनी मागच्या जटा मुठीत घेतल्या आणि हिसका दिला. मी स्वतःच्या मांडीला चिमटा काढून बसलो होतो. जटा तुटल्या नाहीत, हातही घसरला नाही. तो गुडघ्यांवर फरफटत पुढे आला, मान मागे ताणलेली. कुणी हसलं नाही. माझ्यामागून एका बाईचा रडवेला आवाज आला, “सोड वं, दुखते त्याले!”

परतीच्या बसमध्ये सुधाकर खिडकीशी बसला होता, डोक्याला धुतलेलं फडकं. इंजिनचा आवाज बरा वाटला. त्याच्या आडोशानं बोलता येईल असं वाटलं.

“सुधाकर, गेल्या वर्षी पहिला हसलो तो मी.”

“मले माहीत हाये.”

“कसं?”

“तुमचं हसू म्हंजे मिलचा पट्टा सुटल्यावानी. स्टेजवर पयले तेच आलं.”

“मग मला सोबत कशाला घेतलंस?”

“ताईले मीच सांगतलं होतं, भाऊजींले पाठव. म्हटलं, तोच मानूस समोर बसून चूप राह्यला, तं जटा पास झाल्या समजाचं.”

मग मी हळूच म्हणालो, “चुकलो.”

“आं?”

“चुकलो म्हटलं.”

त्यानं कानामागे हात धरला. “मोठ्यानं बोला, भाऊजी. हसले तवा तं बारा गावाइले ऐकू गेलं होतं.”

मी सीटची दांडी धरून उभा राहिलो आणि ओरडलो, “सुधाकर, माझं चुकलं! हसलो तेही, आणि तेल लावलं तेही!” कंडक्टरसकट सगळी बस वळून आमच्याकडे पाहू लागली.